फक्कीच्या दोन रेघा

माझी सायकल गेली चार वर्षं मागच्या पडवीत भिंतीला उलटी टांगलेली आहे. बायको तिच्या चाकावर पायपुसणी वाळत घालते. आधी विचारायची, आता विचारत नाही. जाड टायरची, पुढच्या दांड्यात स्प्रिंग असलेली, डोंगरात चालवायची सायकल आहे ती. आमच्या शहापुरात तशी सायकल तेव्हा दुसऱ्या कुणाकडे नव्हती आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवत असे. आता कुणी त्या सायकलीचं नाव काढलं की मी काहीतरी काम काढून उठतो.

मी शाळेत खेळाचा मास्तर आहे. पोरांकडून कवायत करून घ्यायची, पंधरा ऑगस्टच्या रांगा सरळ करायच्या आणि मैदान आखायचं, हे माझं काम. मैदान आखायला फक्की लागते, म्हणजे चुन्याची पांढरी पूड. डब्याच्या बुडाला भोकं पाडायची, फक्की भरायची आणि डबा हलवत चालायचं. बाकीचे मास्तर दोरी ताणून आखतात. माझी रेघ दोरीशिवाय सरळ येते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कशाचा गर्व झाला असेल तर या रेघेचा आणि त्या सायकलीचा. दोन्हींनी मिळून माझ्या बहिणीची जमीन घालवली. खरं तर त्यांनी नाही, मी घालवली.

माझी मोठी बहीण मुरबाडच्या बाजूला डोंगराच्या पोटात एका पाड्यावर दिलेली आहे. आमच्या बौद्धवाड्यांमध्ये स्वतःची जमीन असलेली घरं थोडी. तिचं सासर त्यातलं एक. भाऊजींच्या आजोबांनी कुणालाच नको असलेला एक खडकाळ उतार घेतला आणि दोन पिढ्यांनी दगड रचून त्याच्यावर बांध घातले. खाली भाताची खाचरं आणि वर नाचणी-वरईचं वरकस. लांबून बघितलं तर कुणी डोंगराला पायऱ्या केल्यात असं वाटे. बांध इतके अरुंद की ट्रॅक्टर वर चढत नाही. तिथं बैलच लागतात आणि भाऊजींचे बैल म्हणजे काय सांगावं! वासरं असल्यापासून त्यांनी वाढवलेली जोडी. एक बांडा, एक तांबडा. भाऊजी मुळात कमी बोलणारे. काहीही विचारलं तरी "बघू" एवढंच उत्तर. पण बैलांशी मात्र त्यांच्या गप्पा चालत. ताई म्हणायची, "माझ्याशी बोलतात ना, त्यापरीस चौपट त्यांच्याशी बोलतात."

त्या पाड्यावर धरण येणार, असं मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय. ताईच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा मोजणीवाले पहिल्यांदा आले. त्यांनी दिवसभर फिरून शेतांच्या कडेनं चुन्याच्या रेघा मारल्या, खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना लाल फडकी बांधली आणि गेले. मी तेव्हा सुट्टीत ताईकडेच होतो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाड्यातल्या बायका बाहेर पडल्या. सगळ्यांच्या पुढे माझी बहीण. अंगणात घालतात तसा शेणाचा सडा त्यांनी त्या रेघांवर घातला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओढ्यावरून पाण्याच्या दोन बादल्या मी स्वतः वाहिल्या होत्या. सूर्य वर आला तेव्हा चुन्याचा ठिपका कुठे उरला नव्हता. पुढे ते लोक आणखी दोनदा आले आणि दोन्ही वेळा बायकांनी तसंच केलं. पाड्यात पांढरी रेघ दिसली की शेण कालवायचं, हे तिथल्या पोरीबाळींनाही माहीत होतं.

मला हे सगळं माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

ठाण्याचे एक गृहस्थ मला कसाऱ्याच्या रस्त्यावर भेटले. मी माझ्या जुन्या काळ्या सायकलवर होतो आणि ते त्यांच्या महागड्या सायकलीचं पंक्चर काढायला बसले होते. मी काढून दिलं. मग दर रविवारी भेट होऊ लागली. पुढे त्यांनी नवी सायकल घेतली आणि जुनी मला देऊन टाकली. माणूस सालस. त्यांच्याबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही, आणि माझ्या त्रासातला निम्मा त्रास तोच आहे. कुणालातरी शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे गृहस्थ एकदा इटलीला जाऊन आठ दिवस सायकल चालवून आले होते, तिकडच्या डोंगराळ द्राक्षांच्या मुलखात. त्याचा व्हिडिओ त्यांनी मला एका चहाच्या टपरीवर दाखवला. पांढुरकी मातीची वाट, दोन्ही अंगांनी उतारावर द्राक्षांच्या ओळी, भांग पाडल्यासारख्या. त्यांच्यामधून सायकली धूळ उडवत खाली येतात. शेवटी एक दगडी घर लागतं. घरातली बाई अंगणातल्या टेबलावर पाव, चीज आणि द्राक्षांचं ताट आणून ठेवते आणि सायकलवाले टाळ्या वाजवतात. ती बाई लाजून पदर, म्हणजे तिचा एप्रन, सारखा करते. गृहस्थ म्हणाले, "तिथले शेतकरी आता या सायकलवाल्यांवरच जगतात. वर्षभर लोक येत असतात."

तो व्हिडिओ मी त्यांच्याकडून मागून घेतला. किती वेळा बघितला याला गणती नाही. माझ्या डोक्यात भूतच शिरलं. त्या द्राक्षांच्या जागी मला नाचणी दिसायला लागली, दगडी घराच्या जागी ताईचं कौलारू घर आणि त्या लाजणाऱ्या बाईच्या जागी ताई. आपल्याकडे काय कमी आहे? डोळखांबहून निघायचं, जंगलातल्या बैलगाडीच्या वाटेनं डोंगर चढायचा, कोरड्या ओहोळातून उतरायचं, भाऊजींच्या बांधाबांधानं खाली येऊन ताईच्या अंगणात जेवायचं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, वालाची आमटी. ठाण्या-मुंबईचे लोक बोटं चाटत राहतील. ताईला बसल्या जागी काम मिळेल, पाड्यातल्या बायकांनाही मिळेल आणि हे सगळं कुणी केलं, तर मी.

मी हे गृहस्थांना सांगितलं, तर ते आपल्या सायकलवाल्या मित्रांना घेऊन यायला लगेच तयार झाले. भात झोडून झालं होतं, शेतं मोकळी होती. पौषातला एक रविवार ठरला. मी ताईला फोन करून सांगितलं, "वीस-बावीस माणसं येतील सायकलवरून, जेवण कर." ती म्हणाली, "येऊ दे की. किती भाकरी लागतील तेवढं सांग." फक्कीचं मात्र मी काही बोललो नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं.

रविवारच्या आधीच्या मंगळवारी मी शाळेतून फक्कीचं पोतं घेऊन पहाटेच निघालो आणि सगळी वाट आखत गेलो. जंगलात बाण काढले. वळणावर बाण, ओढ्याजवळ बाण. पण भाऊजींच्या शेतात बाणाची गरज नव्हती, तिथे वाट सरळच होती. तिथे मला वेगळीच काळजी होती. दोन पिढ्यांनी रचलेले बांध. शहरातली माणसं, त्यांना काय कळणार, बांधावरून चाकं घालतील आणि दगड निखळतील. म्हणून मी बांधाच्या कडेनं, हातभर अंतर सोडून, दोन लांब रेघा मारल्या, म्हणजे सायकली त्या दोन रेघांच्या मधूनच जातील. कोपऱ्याकोपऱ्यावर खुंट्या ठोकल्या आणि लांबून दिसाव्यात म्हणून त्यांना लाल फडक्याच्या पट्ट्या बांधल्या. काम झाल्यावर वरून एकदा बघितलं. दोरी न लावता मारलेल्या रेघा, आणि कुठे केसाचाही फरक नाही. मी खूश झालो. बांध जपायला मारल्या होत्या त्या रेघा, हे मला अजून कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटतं.

खाली ताईच्या घरातून धूर निघत होता. एरवी मी चहा घेतल्याशिवाय तिथून हललेलो नाही. त्या दिवशी साडेदहाची शाळा गाठायची होती म्हणून मी तसाच सायकलवर बसलो आणि निघालो. दहा मिनिटं थांबलो असतो तर भाऊजींनी विचारलं असतं, "काय रे मास्तर, सकाळी सकाळी?" आणि मी सांगितलं असतं. ती दहा मिनिटं मी किती वेळा परत जगलो असेन. प्रत्येक वेळी मी चहा घेतो.

रविवारी सगळं त्या व्हिडिओसारखं झालं. सायकली धूळ उडवत उतारावरून आल्या. बांधाला एकही चाक लागलं नाही. ताईनं अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, शेजारच्या दोघी वाढायला होत्या. पाहुण्यांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या आणि ताईनं पदर सारखा केला.  गोठा रिकामा दिसला म्हणून मी विचारलं, "भावजी कुठं गेले?" ताई म्हणाली, "म्हशाच्या जत्रंला गेलेत, बैल घेऊन. मला तर कायच बोलले नाय. पान्यावरून आले नि आपले निघाले." म्हशाच्या जत्रेत बैलांचा मोठा बाजार भरतो. भाऊजी दरवर्षी जोडी मिरवायला नेत, चार लोकांकडून कौतुक ऐकत आणि परत आणत. मला वाटलं, यंदाही तेच.

जेवण झाल्यावर ते गृहस्थ हात धुऊन त्या उताराकडे बघत उभे राहिले. कितीतरी वेळ. मग म्हणाले, "अगदी तसंच आहे हो. ही जमीन कुणाची?" मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्या भाऊजींची." "देतील का ते?" मी हसलोच. म्हटलं, "ते एक वेळ जीव देतील, जमीन नाही द्यायचे." जाताना मी खुंट्या उपटून, लाल पट्ट्या गोळा करून पिशवीत भरल्या. कचरा मागे ठेवायचा नाही, ही मला शिस्त. फक्कीचं काय, ती पावसात जाईल.

भाऊजी म्हशाहून परत आले ते दोन दावी घेऊन. बैल विकला तरी दावं देत नाहीत, ते घरी आणून टांगतात. ताईनं फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. "का इकले विचारलं तर बघू बोलले. आता काय बघनार?"

महिन्याभरानं त्या गृहस्थांचा फोन आला. ते सहज गाडी घेऊन पाड्यावर गेले होते, भाऊजींना भेटले, विचारलं आणि भाऊजी एका शब्दात हो म्हणाले. सगळं वरकस आणि वरची दोन खाचरं. माझा विश्वास बसेना. मी धावत पाड्यावर गेलो. भाऊजी अंगणात बसून विळ्याला धार लावत होते. मी म्हटलं, "भावजी, काय अडचण आहे का? मला सांगा." ते म्हणाले, "अडचन कसली? घेऊ दे त्याला. तू साक्षीदार ऱ्हा." ताई आत भांडी घासत होती. ती रडत होती की नाही ते मला दिसलं नाही, भांड्यांचा आवाज तेवढा मोठा येत होता.

मुरबाडच्या कचेरीत कागद झाले. साक्षीदार म्हणून मी सही केली. माझी सहीसुद्धा सरळ येते. ते गृहस्थ बाहेर गाडीपाशी फोनवर बोलत थांबले होते आणि आम्ही दोघं समोरच्या टपरीवर चहाला बसलो. तिथे भाऊजी माझ्याकडे झुकून हळूच बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना बैलांशिवाय कुणाशी ऐकलं नव्हतं.

"मास्तर, तुला सांगतो, कुनाला बोलू नको. तुझ्या बहिनीला बी नाय. पौषात मोजनीवाले येऊन गेले. गुपचूप. मी सकाळी बैल पान्यावर नेले तवा बघलं. आपल्या बांधाच्या कडंनं सरळ दोन रेघा, खुंट्या, लाल फडकी. समदं तसंच. पंचायतीला खबर नाय, कुनाला नाय. म्हंजे समज, या येळी सोडनार नाय ते. बायका पुसतील, बोंबा मारतील, पर व्हायचं ते व्हनार. तवाच मी बैल काढले. जत्रंवरून आलो तर खुंट्या बी काढून नेलेल्या, म्हंजे मोजनी झाली. नि मंग ह्यो शेठ आपल्या पायानं चालत आला."

आणि भाऊजी हसले. मग लगेच त्यांचा चेहरा पडला. "फसवला रे मी त्याला. पान्यात जानारी जमीन गळ्यात मारली. चांगला मानूस हाय तो. तुझा दोस्त. माफ कर मला."

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. समोर तीस पावलांवर गाडी उभी होती. उठून तिथवर गेलो असतो, म्हणालो असतो, थांबा, हा सगळा माझा घोळ आहे, तर ते गृहस्थ थांबले असते. तसे माणूस आहेत ते. कागद फाडता आले असते की नाही ते मला माहीत नाही, पण मी विचारलं तर असतं. तिथं सगळ्यांसमोर मला सांगावं लागलं असतं की मोजणीवाले कुणी आलेच नव्हते, रेघा मी मारल्या, माझ्या हौसेसाठी मारल्या, आणि मोजणीच्या रेघा बायकांनी पुसताना मी डोळ्यांनी बघितलं होतं तरी मारल्या.  मी भित्रा निघालो. मी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले. गाडी निघून गेली.

त्या उन्हाळ्यात तिथे जेसीबी आला. द्राक्षाच्या ओळी सरळ लागतात म्हणून बांध काढले. दोन पिढ्यांच्या बांधांना तीन दिवस लागले. मग भिंत आली, फाटक आलं, लाल कौलांचा बंगला आला. उतारावर लोखंडी खांब, तारा आणि तारांवर द्राक्षाचे वेल. कोकणातल्या पावसात द्राक्ष! हे मी त्या गृहस्थांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "फळ नाही आलं तरी चालेल, बघायला छान वाटेल." वेलांची पानं आषाढात काळी पडून कुजतात, हिवाळ्यात पुन्हा फुटतात. घड काही धरत नाही. आमची सायकलची वाट त्या भिंतीत बंद झाली. बांध नाहीत म्हणून पावसाचं पाणी आता सरळ खाली धावतं आणि ताईच्या उरलेल्या दोन खाचरांत दगडगोटे आणून टाकतं. पहिली दोन वर्षं तिनं हातानं वेचले. बैल नाहीत, दुसऱ्याचं औत मिळेपर्यंत लावणीचा टाइम निघून जायचा. तिसऱ्या वर्षापासून खाचरांत गवतच आहे.

भाऊजी त्या बंगल्यावर राखणदार आहेत. गृहस्थांनी सहज विचारलं होतं आणि ते पुन्हा एका शब्दात हो म्हणाले. लोकांना वाटतं गरज म्हणून. खरं कारण मला माहीत आहे. फसवलेल्या माणसाची निदान बाग तरी नीट राखावी, असं त्यांच्या मनात आहे. एकेक वेल ते हातानं बांधतात, कुजलेली पानं खुडून जाळतात, मालकाला कधी एक दिवस सुट्टी मागत नाहीत. तो मालक वर्षातून दोनदा येतो. बैलांशी बोलायचे तसे भाऊजी वेलांशी बोलताना मी कधी ऐकलेले नाहीत. मी मधूनमधून जातो, फाटकापाशी दोन शब्द बोलतो आणि येतो. दरवेळी ते विचारतात, "मोजनीचं काय ऐकलंस का रे?" मी म्हणतो, "नाय." ते म्हणतात, "येतील."

मोजणीवाले त्यानंतर आलेले नाहीत. मी दर वर्षी मनातल्या मनात वाट बघतो की ते यावेत, खरोखर यावेत, धरण व्हावं आणि सगळं पाण्याखाली जावं, बंगला, वेल, पाडा, ताईचं घरसुद्धा. म्हणजे मी सुटेन. स्वतःच्या बहिणीच्या घरावर धरण मागणारा भाऊ आहे मी. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

या वर्षी पौषात मी गेलो तेव्हा भाऊजी मला फाटकाच्या आत घेऊन गेले.  मग म्हणाले, "मास्तर, मी शेठला सांगून टाकू का? मनावर वझं हाय. चार वर्सं त्याचं मीठ खातो नि तोंड बघतो. येत्या रविवारी येनार हाय तो. पाय धरून सांगतो, मी तुमाला फसवलं." त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी काही केलेलं नव्हतं आणि ते पाय धरायला निघाले होते. मी घरी आलो, आठवडाभर मला जेवण गेलं नाही. शनिवारी ठरवलं की उद्या सकाळी मालक यायच्या आत भाऊजींना सगळं सांगायचं. मारलं तर मार खायचा.

रविवारी एसटीतून उतरून पाड्याच्या वाटेला लागलो तर पुढे ताई चालली होती, हातात भाऊजींचा डबा. केस पांढरे झालेत तिचे आता. मला बघून थांबली. "आज सायकल नाय आनलीस? किती दिवस झाले, दिसली नाय तुझी सायकल." मी म्हटलं, "ताई, थोडी बस." वाटेवर एक मोहाचं झाड आहे, त्याच्या मुळावर ती बसली. भाऊजींच्या आधी मी तिलाच सांगितलं. मंगळवारची पहाट, फक्की, दोन रेघा, खुंट्या, न घेतलेला चहा, मुरबाडच्या टपरीवर भाऊजी काय बोलले ते, आणि मी का गप्प बसलो ते. सांगताना मी रडलो. चार वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं, हेही लिहून टाकतो, कारण ते फार वेळ टिकलं नाही.

 माझं संपल्यावर ताईनं डबा या हातातून त्या हातात घेतला. म्हणाली, "त्यापायी इकले व्हय बैल?" मी मान हलवली. "नि जमीन बी त्यापायी?" मी पुन्हा मान हलवली. ती वर, बंगल्याच्या भिंतीकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती मला बोलेल. तिनं मला चार शिव्या द्याव्यात म्हणून मी तिच्या पायांशी बसून होतो.

"तो चुना मी त्याच दिशी सकाळी बघलेला," ती म्हणाली. "पानी आनाया गेले तवा. बाजूला तुझ्या सायकलच्या चाकाची नक्षी व्हती. मला वळखू आली. म्हनलं, माझ्या भावानं पाव्हन्यांसाठी वाट आखलीय." मग ती उठली. पदरानं डब्याच्या झाकणावरची धूळ पुसली. "दुसऱ्या कुनाचा असता ना, तर तवाच शेन कालवून पुसला असता रे. तुझा व्हता म्हनून ऱ्हाऊ दिला."